दुसरा टँकर

१८ मार्च १९८३, शुक्रवार

स्वस्ति श्री! निवेदनमार्तंड, स्मरणपत्रचूडामणी, अर्जविद्यावाचस्पती, ज्ञानसाधना वसाहत रहिवासी मंडळाचे आजन्म चिटणीस (दुसरे कोणी पद घेत नाही म्हणून), लातूर नामक सात महिने वयाच्या जिल्ह्याचे जागरूक प्रजाजन, संस्कृताध्यापक श्रीमान शिवमूर्ती यांनी आज प्रातःकाळी दात घासताना मूठभर धूळ गिळली.

कारण सर्वश्रुत. गल्लीच्या टोकाची मोकळी जागा नकाशात 'बगीचा' म्हणून गेली अकरा वर्षे फुलते आहे. प्रत्यक्षात तिथे बोर नाही की बाभूळ नाही. या दुष्काळात शासनाने जानेवारीत तिथे गुरांची छावणी उघडली. दीडशे गुरे! त्यांच्या कडब्याचे ट्रक आमच्या सोळा फुटी गल्लीतून जातात. आज एकाने मंडळाचा फलक आडवा केला. फलकावर लिहिले होते — 'वाहने सावकाश हाका'.

२१ मार्च

सभा. अध्यक्ष गुरुपादप्पा यांच्या ओसरीवर सात उपस्थित, पैकी दोघे केवळ चहापुरते. ठराव — छावणी हटवावी, ट्रक थांबवावेत, बगीचा करावा.

गुरुपादप्पा म्हणाले, "मास्तर, लिहा तुमीच. तुमचं वाचताना सायेबाला डुलकी लागती, पण झोपेत का होईना, सही करतेत."

पुढे छावणीच्या रखवालदाराचा विषय निघाला. निलंग्याकडचा लिंबाजी म्हणून कोणी आहे. खोपटात बाबासाहेबांची तसबीर लावून राहतो. तो उन्हाचा आपल्या ओसरीवर टेकतो, हे गुरुपादप्पांना खपले नाही. "त्याच्या हातचं पाणी गुरं पितेत, तेवढं बास," म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. का हसलो, याची नोंद करण्याचे कारण नाही.

२४ मार्च

वारा. धूळ. इति.

२८ मार्च

नव्या कचेरीत गेलो. जिल्हा नवा, भिंतींचा रंग ओला. कारकुनाला मेज मिळाले आहे, खुर्ची यायची आहे; तो उभ्यानेच म्हणाला, "ह्या विषयाचं दफ्तर अजून उस्मानाबादेत हाय." मी विचारले, विषय तरी लातुरात आला आहे का? हसला नाही. नव्या जिल्ह्याला विनोदाचा अनुशेष आहे!

परंतु एक समाधान. जानेवारीत नळाच्या पाण्यासाठी मी चार निवेदने दिली होती. तेव्हापासून आमचा हौद एकदाही रिता झालेला नाही. दुसऱ्या वसाहतींत म्हणे आठवडा आठवडा थेंब नाही! आमच्याकडे मात्र नळ दुपारी येतो. मी तेव्हा शाळेत 'रामः रामौ रामाः' करीत असतो, म्हणून ती गंगावतरणाची वेळ मला पाहता येत नाही, एवढेच. घरी येऊन पत्नीला, उमादेवीला म्हणालो, "पाहिलंस लेखणीचं सामर्थ्य?"

पदराआड हसत म्हणाली, "हाव. तुमच्या लेखणीलाच तोटी बसवलीय जणू!" आणि परसात गेली. तिच्या पायाला चिखल होता. अशा अवर्षणात चिखल — अहो भाग्यम्!

३ एप्रिल, रविवार

आज संशोधन. सकाळपासून छत्री आणि वही घेऊन गच्चीवर बसलो. परसाच्या भिंतीपलीकडे सगळी छावणी तळहातावर दिसते. ट्रक मोजायला बसलो होतो. हाती लागले भलतेच! पाण्याचे टँकर येतात दोन. एक टँकर दीडशे गुरांना पुरून उरतो — त्रैराशिक मांडले, तीनदा ताळा केला. मग दुसरा टँकर पितो कोण?

आश्चर्य म्हणजे दुसरा टँकर दिवसभर भिंतीलगत भरलेला उभा होता. कोणी तोटीला हात लावला नाही. गुन्हेगार सावध झाले!

उमादेवी चार वेळा वर आली. "बाजारात जाऊन या की." "शाळेच्या वह्या राहिल्यात न्हवं?" शेजारच्या धुरपताबाई, वय सत्तर, कधी माझ्याशी बोलत नाहीत, त्यासुद्धा अंगणातून ओरडल्या, "मास्तर, ऊन बाधंल! उतरा की खाली, देवा!" माझ्या प्रकृतीची एवढी काळजी एकाच दिवशी कधी वाहिली गेली नव्हती.

लिंबाजीने खालून पाहिले. "सर, मोजून राहिलेत व्हय?"

"मोजतो आहे."

"मोजा, मोजा. पण तहानलेली समदीच मोजा."

उद्धट मनुष्य. सायंकाळी स्नानाला अर्धीच बादली मिळाली. म्हणे आज नळ आला नाही.

६ एप्रिल

पंधरावे निवेदन सिद्ध झाले. विषय — 'जलचौर्य'. ट्रक, धूळ, बगीचा हे सारे जुने अस्त्रागार बाजूला ठेवले. हे ब्रह्मास्त्र! दुसरा टँकर कुठे मुरतो, याची तत्काळ चौकशी व्हावी.

उमादेवीला वाचून दाखविले. ती पोळपाट बाजूला सारून म्हणाली, "एवढा एक कागद नका देऊ."

"का?"

"हातावर पोट हाय त्या माणसाचं. पोरीचं लगीन ठरलंय."

"न्यायापुढे लग्नतिथी पाहत नाहीत."

काहीतरी सांगणार होती. मग म्हणाली, "तुमाला सांगितलं की तुमी मंडळाला सांगणार. मंडळ म्हंजे गुरुपादप्पा. जाऊ द्या." जेवणात मीठ नव्हते. स्मरणपत्र दिले नाही.

१३ एप्रिल, बुधवार

चौकशी! नायब तहसीलदार जीपने आले. मंडळ सदरे बदलून हजर. बायका आपापल्या दारांत — एकीच्याही तोंडून शब्द नाही. बहुधा कायद्याचा दरारा.

"दुसरा टँकर कुठं जातो रे?"

लिंबाजी म्हणाला, "गुरालाच, सायेब."

"दीडशे गुरं दोन टँकर पितात?"

"ऊन लई हाय सायेब. पितेत."

मी त्रैराशिक खणखणीत वाचले. साहेबांनी मान डोलावली. (डुलकी नव्हती, डोळे उघडे होते.) तोच धुरपताबाई पुढे आल्या. "सायेब, मी सांगते, ह्या पाण्याचं..."

लिंबाजी लगबगीने आडवा झाला. "मावशी, घरात जा. ऊन लागंल. गुराचंच पाणी हाय ते. मी सांगितलं न्हवं?"

म्हातारी त्याच्याकडे पाहत राहिली. मग वळली. साक्षीदारावर दडपण! साहेबांसमोर! मी लगेच वहीत नोंद केली.

त्याने माझ्याकडे एकदाच पाहिले. राग नव्हता त्यात. वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाकडे मी पाहतो, तसे काहीसे.

२० एप्रिल

विजय! आदेश निघाला. लिंबाजीचे नाव हजेरीपटावरून कमी. छावणी गावाबाहेरच्या माळावर. एक टँकर तिच्याबरोबर, दुसरा बंद. चौदा निवेदने खत झाली, पंधराव्याला फळ आले!

गुरुपादप्पांनी पेढे वाटले. "आता गल्लीत ट्रक न्हाई, अन् ती ब्याद बी न्हाई!" पुरुषांनी घेतले. बायकांतल्या एकीनेही पेढा उचलला नाही. उमादेवीने डबा परत दिला, "घरात गोड चालत न्हाई सध्या." केव्हापासून?

२२ एप्रिल

छावणी उठली. शेवटच्या ट्रकने जाता जाता नवा फलकही पाडला. परंपरा राखली.

सायंकाळी परसदारी लिंबाजी. बोचके काखेत. मला पाहून थबकला नाही.

"येतो अक्का." मग मला, "सर, तुमचं गणित बराबर व्हतं. नळी तेवढी घाईत ट्रकात गेली. बघतो कुनाच्या हाती धाडता आली तर."

कसली नळी, विचारायचे होते. उमादेवी डोळ्यांना पदर लावून आत गेली होती.

२५ एप्रिल

गल्ली शांत. धूळ नाही. हौद कोरडा.

उमादेवीने आज सांगितले, एका दमात. संक्रांतीपासून नळाला थेंब नव्हता. दुसरा टँकर लिंबाजी आमच्यासाठी मागवत होता. दुपारी पुरुष कामावर गेले की परसाच्या भिंतीवरून नळी यायची — बत्तीस घरांना, गुरुपादप्पांच्या देवघराच्या तांब्यालाही. हे उघड झाले तर पुरुष पाणी फेकतील, या भयाने सगळ्या गप्प. आणि चौकशीत तो गप्प, आमच्या बायकांची नावे पंचनाम्यात येऊ नयेत म्हणून.

सोळावे निवेदन लिहायला बसलो. 'श्रीमान' लिहिले. पुढे लेखणी चालेना.

२६ एप्रिल

नळी आमची होती. रबरी, तीस हात, उमादेवीने घेतलेली. माळावरचा नवा रखवालदार म्हणतो, यादीत नाही. कचेरी म्हणते, छावणीचे दफ्तर उस्मानाबादेत. नळीसाठी अर्ज करायचा कोणाकडे, आणि त्यात ती कशासाठी वापरली म्हणून लिहायचे?