चपट्या तारा

आई, तुझी दुपारची झोप मोडू नये म्हणून मी माझ्या गिटारच्या तारा बदलल्या होत्या. हे तुझ्यापाशी कधी कबूल केलं नाही आणि तू गेल्यावर सांगायला कुणी उरलं नाही. आज सुट्टी नाही, सण नाही, तुझी तिथीही नाही. नुसतं थकल्यासारखं झालंय आणि हात रिकामे आहेत, म्हणून लिहायला बसले.

घाटकोपरची आपली ती खोली आणि मागचं स्वयंपाकघर. तू टेलिफोन एक्सचेंजमध्ये पहाटेच्या ड्यूटीला जायचीस, कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायचीस आणि दुपारी घरी येऊन दोन घास खाल्लेस की कॉटवर आडवी व्हायचीस. बाबा नव्हतेच. मी कॉलेज संपवून अंधेरीच्या एका बायकांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायला लागले होते. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या बाईंना डिस्कोच्या गाण्यांसाठी खोल, जाड सूर हवा होता, म्हणून पाच तारांची गिटार शोधत आपण दोघी वाकोल्याला गेलो. जहाजावर बँडमध्ये वाजवून परत आलेले एक म्हातारे काका ती विकणार होते. तू गिटार उलटसुलट करून पाहिलीस आणि विचारलंस, "बेस गिटारला चारच तारा असतात ना? हिला एक जास्त का?" काका म्हणाले, "बाई, खाली उतरायला एक पायरी जास्त." तुला ते आवडलं. बसमध्ये तूच ती मांडीवर घेऊन बसलीस.

मी स्वयंपाकघरात पाटावर बसून सराव करायचे. छोटा अँप्लिफायर अगदी हळू ठेवायचे. एका दुपारी तू उठून दारात आलीस. केस सुटलेले, डोळे लाल. "तो खालचा सूर चालतो गं मला. पण मध्ये मध्ये ते करकरतं ना, ते सहन होत नाही. सकाळपासून लोकांची खरखर ऐकून कान किटलेत माझे. घरी तरी नको." मी अँप्लिफायर बंद केला. तू परत जाऊन पडलीस, पण झोपली नाहीस. भिंतीकडे तोंड करून जागी होतीस, हे मला पाठीवरून कळत होतं.

करकर होत होती ती तारांमुळे. साध्या तारेवर बारीक गोल तार गुंडाळलेली असते, खरबरीत, स्क्रूच्या आट्यांसारखी; ती राउंडवाउंड. तिच्यावरून बोट सरकलं की ती ओरडते. आवाज मात्र तिचाच खणखणीत. दुसऱ्या प्रकारात वरून चपटी पट्टी गुंडाळतात, फ्लॅटवाउंड म्हणतात तिला. हाताला गुळगुळीत, आवाज मऊ, थोडा दबलेला. मी दुकानात दोन्ही वाजवून पाहिल्या. दुकानदार म्हणाला, "आजकाल चपट्या कोण लावतं? ऑर्केस्ट्राला राउंडच घ्या." शिवाय चपट्यांचा संच चारच तारांचा मिळत होता, पाचवी नव्हतीच. मी तशाच घेतल्या. चार चपट्या लावल्या आणि सगळ्यात जाड पाचवी जुनीच खरबरीत ठेवली. घरी तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. त्या दुपारी तू दिवे लागेपर्यंत झोपलीस.

बाईंना पहिल्याच तालमीत कळलं. गाणं मध्येच थांबवून म्हणाल्या, "तुझी गिटार झोपलीय का गं? ड्रमच्या मागे ऐकूच येत नाहीये. तार बदल." मी पुढच्या तालमीलाही त्याच तारा घेऊन गेले. बाई वाईट नव्हत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, लोक नाचायला येतात. मला चमक पाहिजे. तुला काय प्रॉब्लेम आहे?" मी म्हटलं, घरी आई झोपते. त्या म्हणाल्या, "मग घरी नको ना वाजवू." पण न वाजवता गाणी बसणार कशी? तालमीसाठी आणि घरासाठी दर वेळी तारा काढून घालणं काही जमणारं नव्हतं. पुढच्या कार्यक्रमात कीबोर्डवाल्या मुलीने डाव्या हाताने माझे सूर वाजवले. छान वाजवले.

बाईंनी तारांवरून मला काढल्याचं तुला सांगितलं तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं तसंच हातात धरून म्हणालीस, "माझ्या झोपेपायी? वेडी आहेस का? मी कानात कापूस घातला असता." मी घाईघाईने म्हटलं, "तुझ्यामुळे नाही गं. मला हाच आवाज आवडतो." ते खरं नव्हतं. तू माझ्याकडे नीट पाहिलंस आणि मग विश्वास ठेवलास. तिथेच सगळं ठरून गेलं.

कारण मग तू ती पाचवी तार शोधायला लागलीस. मद्रासच्या एक्सचेंजमधली एक ऑपरेटर तुझी मैत्रीण होती. कधी भेटला नव्हतात, नुसत्या आवाजाने ओळखायचात. कॉल लागेपर्यंतच्या मधल्या वेळात तू तिला तुझ्या मोडक्या हिंदीत सांगितलंस, "सबसे मोटी वाली, ऊपर से चपटी, मेरी बेटी को वोही पसंद है." तिचा दीर तिकडच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचा. त्याने कुठून मिळवली कोण जाणे. पोस्टाने पुडकं आलं, तू ते न फोडता माझी वाट बघत बसलीस. मी तार लावली, सूर लावला, आणि तू कॉटवर पाय वर घेऊन बसून म्हणालीस, "आता सगळ्या वाजव. काही सोडू नकोस." मी वाजवलं. ऐकता ऐकता तुला डोळा लागला.

वर्षभराने बाईंनी निरोप पाठवला. कीबोर्डवालीचं लग्न ठरलं होतं. "ये, पण चमकवाल्या तारा लावून ये." मी गिटार मांडीवर घेतली, पक्कडही हातात घेतली. ती मद्रासची तार काढायचा धीर झाला नाही. तू पाहुण्यांना सांगायचीस, "हिला गोड आवाज लागतो, भडक चालत नाही." मी बाईंना नाही म्हणून कळवलं. मग बँकेची परीक्षा दिली, नोकरी लागली, आणि गिटार रविवारची झाली. चपट्या तारांचा एक गुण म्हणजे त्या लवकर मरत नाहीत. तू रिटायर झालीस, आजारी पडलीस, गेलीस, मुलुंडला घर घेतलं, मीही रिटायर झाले. त्या होत्याच.

मागच्या आठवड्यात पाचवी तुटली. आता पाच तारांचा चपटा संच सहज मिळतो, दुकानातल्या मुलाने लगेच काढून समोर ठेवला. मी म्हटलं, नको, राउंड दे. घरी येऊन लावल्या. तोच खणखणीत आवाज, आणि आई, तो मला अजून आवडतो. बाईंचं बरोबर होतं. एक गाणं कसंबसं वाजवलं. बोटांचे सांधे ठणकायला लागले तेव्हा ठेवून दिली.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. बाईंना नाही म्हटलं त्या आठवड्यात, तू झोपलेली असताना मी अँप्लिफायरचा आवाज मुद्दाम वाढवला होता. तू उठावंस, चिडावंस, काहीतरी बोलावंस असं मला वाटत होतं. स्टीलच्या डब्यांची झाकणं थरथरली. तू कूस बदललीस, पांघरूण खांद्यावर ओढलंस आणि झोपून राहिलीस. मग मीच आवाज कमी केला आणि चहाचं आधण ठेवलं.