चिमटा घेतल्यासारखं

३ मार्च
लेकीचा फोन. "आई, तांबी बसवून घ्यायची आहे. पण तुझ्याकडे नको." बाळ चार महिन्यांचं झालं, दुसरं इतक्यात नको, तिचं म्हणणं रास्तच. पण माझ्याकडे नको? सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकीसुनांना बसवतेय मी! कारण विचारलं तर म्हणे, "असंच गं."
संध्याकाळभर धुसफुसत होते. भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा मुकाट्याने जेवला.

५ मार्च
घराखालच्या माझ्या दवाखान्यात सिस्टरजवळ मन मोकळं केलं, तर ती हसायलाच लागली. "मॅडम, तुम्ही प्रत्येकीला सांगता, चिमटा घेतल्यासारखं होईल. अहो, घेतल्यासारखं कसलं! चिमटाच घेतो आपण."
खरंच की! गर्भाशयाचं तोंड धरायचं ते हत्यार — त्याला आम्ही चिमटाच म्हणतो.
"पण कधी कुणी तक्रार केली का?" मी.
"तक्रारवाल्या परत येतच नाहीत."
राग आला. मग रजिस्टर काढून बसले. तांबी बसवल्यावर तपासणीला परत बोलावलेल्यांपैकी निम्म्या फिरकल्याच नव्हत्या.

८ मार्च
बधिर करायचं इंजेक्शन गर्भाशयाच्या तोंडाशी देता येतं, हे मला शिकवलं होतं. वेळ जातो म्हणून मीच सोडून दिलं. इथे खरं लिहायला काय हरकत आहे!

११ मार्च
आजपासून इंजेक्शन पुन्हा सुरू. पहिली — एक शाळामास्तरीण. आधी दुखण्यावरची गोळी, मग इंजेक्शन, मग पाच मिनिटं नुसतं थांबायचं. माझ्या हाताला कुठली थांबायची सवय! चिमटा शब्द जिभेवर आला होता, गिळला. म्हटलं, "इंजेक्शन टोचेल. नंतर पोटात कळ येईल. थांबा म्हणालात की मी थांबेन."
एकदा म्हणाली. थांबले. पुढचं सुरळीत.
"झालं? अगंबाई!" बाहेर जाऊन रांगेतल्या सगळ्यांना सांगून आली.

१६ मार्च
आतापर्यंत सात जणी. एकीला तरीही बरंच दुखलं. पण जाताना म्हणाली, "तुम्ही आधी सांगितलं होतंत, म्हणून घाबरले नाही."

२० मार्च
रांग लांबते, सिस्टर कुरकुरते, आणि मी मात्र मजेत! इतक्या वर्षांनी कामाला नवी गोडी आली आहे. लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शुक्रवारी येते."

२५ मार्च
मी नाही बसवली, आपल्याच लेकीला कसली बसवते! माझ्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरीणबाईंनी बसवली. मी उशाशी उभी, लेकीच्या मुठीत माझी दोन बोटं. एकदा डोळे मिटले तिने, बस्स. "पाळीत दुखतं तेवढंच," म्हणाली. नातू सिस्टरच्या कडेवर बसून तिच्या टोपीशी झटापट करत होता. जीव भांड्यात पडला. फार छान गेला दिवस.

२६ मार्च
आज निघताना लेक जिन्यात थांबली. म्हणाली, "लहानपणी मी इथे वर अभ्यासाला बसले की खालून बायकांचं ओरडणं ऐकू यायचं. म्हणून मी रेडिओ मोठा करायचे."
आणि मी खालून ओरडायचे — आवाज कमी कर गं, पेशंटना त्रास होतो!