आतल्या घोट्याची बारीक तार

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. खुशाली विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून थेट सांगतो. आज सकाळी दवाखान्यात एका म्हाताऱ्याच्या बधिर केलेल्या पायाला टाचणी टोचून विचारलं, "दुखतं का?" शेजारी त्याचा मुलगा उभा. म्हातारा म्हणाला, "नाय साहेब, चालू द्या." माझा हात तिथंच थांबला. वर्षभर टाळलेलं हे पत्र म्हणून आज लिहितोय.

आठवतं? डॉक्टरी शिकताना सुट्टीत घरी आलो की तुमचा पाय हेच माझं पुस्तक! तांबट आळीत दिवसभर हंडे ठोकून तुम्ही ओसरीवर पाय पसरून बसायचात आणि मी गेरूनं त्यावर मज्जातंतू काढायचो. मांडीमागून उतरणारी जाड तार, आणि जांघेतून गुडघ्याच्या आतल्या बाजूनं घोट्यापर्यंत येणारी बारीक. 'तार' हा शब्द तुमचाच. "दोन्ही बधिर केल्या की पाऊल मुकं, असंच ना?" एकदा ऐकून तुम्हाला पाठ! गेरूचा पाय घेऊन घरभर फिरता म्हणून आई करवादायची.

मग मधुमेहानं तेच पाऊल सडलं. कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तुमच्या हृदयाला क्लोरोफॉर्म झेपणार नव्हता. मोठे डॉक्टर नाखूश होते, तरी मी हट्टानं म्हणालो, "मी इंजेक्शनांनी पाय बधिर करतो." दोन्ही तारांपाशी औषध घातलं. टाचणी टोचत गेलो. तळवा, टाच, शेवटी आतला घोटा. "दुखतं का, बाबा?"

"काही कळत नाही रे. चालू दे तुझं."

कळत होतं, बाबा! बारीक तार माझ्या सुईला चुकली होती. मोठ्या डॉक्टरांसमोर पोराची फजिती नको, म्हणून खोटं बोललात. जन्मात गिऱ्हाइकाला हिणकस तांबं दिलं नाहीत, आणि माझ्याशीच असं? आतल्या बाजूला सुरी लागली आणि तुम्ही किंचाळलात. रक्त वाहत होतं, थांबता येईना. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म मागवला. मी तुमचं मनगट धरून उभा होतो. नाडी बोटांखालून गेली आणि मला काही म्हणता काही करता आलं नाही.

आई म्हणते, "निदान पोराच्या हातात सुखानं गेले." तिला काय सांगू?

आज त्या मुलाला बाहेर पाठवलं. म्हाताऱ्याला डोळे मिटायला लावून म्हणालो, "आजोबा, किती वेळा टोचलं तेवढं सांगा." आतल्या घोट्याला त्यानं बरोबर "तीनदा" सांगितलं; बारीक तार अजून जागी होती. मी पुन्हा औषध दिलं आणि वाट पाहिली.

यापुढे कुठल्याही बापाला त्याच्या मुलादेखत 'दुखतं का' म्हणून विचारणार नाही. शब्द देतो.

तुम्हाला मात्र एकदाच विचारतो. किती दुखलं, बाबा? आता तरी खरं सांगा.

तुमचा,
गोविंद