डावा पाय बोटभर कमी

बाबा, तुमाले माहीत होतं. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर बाकीचं लिहिता लिहिता राग निवायचा आणि हेच राहून जायचं.

माझी कंबर आणि डावा गुडघा कधीचे धरले आहेत. डॉक्टर म्हणाला, सायकल सोडा. सोडा म्हणे! सकाळी धरमपेठेत पोळ्या लाटायच्या, तिथून रामदासपेठेत वरण-भाजी करायची, हा डॉक्टर नेऊन सोडणार आहे का मले? सायकल गेली की हातची घरं गेली. तर तुमची नात, माझी पोरगी, रविवारी हेल्मेट घालून सायकलवाल्यांच्या टोळीत फिरते, तिनं मले बर्डीवर एका दुकानात नेलं. तिथं माणसाच्या मापानं सायकल बसवून देतात. मी म्हणाली, "ब्लाऊजचं माप ऐकलं होतं वं, सायकलचं माप कायचं?" ती म्हणाली, "आई, तू गप बस अन् चढ." माझी सायकल एका स्टँडवर कसून ठेवली. मी साडी खोचून जागच्या जागी पॅडल मारून राहिली आणि तो दुकानवाला मागं उभा राहून माझी कंबर पाहून राहिला. मी खेकसलीच, "काय पाहता हो?" तो म्हणाला, "काकू, कंबर एकाच बाजूले झुकते तुमची. दुखते कुठं?" मले बाकावर निजवलं, दोन्ही टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "डावा पाय बोटभर कमी आहे. लहानपणापासूनच असंन. घरी कोणाले माहीत नव्हतं?"

नव्हतं, असं मी फटकन सांगून टाकलं. आणि तिथंच, त्या बाकावर, मले आपल्या घरचा हातमाग आठवला.

तुम्ही जेवायले उठता. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसते, तुमचं लुगडं पुढं विणायले. खड्ड्यात पायानं दाबायच्या दोन पावड्या, एक दाबली की दुसरी वर येते. मी पाय ठेवायच्या आधी तुम्ही खाली वाकता आणि डाव्या पावडीची दोरी आखूड करून बांधता, म्हणजे ती जराशी वर येते. जेवून आले की पुन्हा सोडता. रोज. मी विचारते, "काहून बाबा?" तुम्ही म्हणता, "काठ बिघडते." काठ बिघडते! माझी कंबर बिघडली ते चालत होतं! त्याच लुगड्यांची थप्पी तुमच्या उंच सायकलवर लादून मी इतवारीच्या बाजारात जायची, आणि घरी येऊन कंबर दुखते म्हटलं की तुम्ही ओरडायचे, "सरळ बसत जा. सरळ चालत जा. ढोरावानी काय चालतं!" मी आपली सरळ चालायचा प्रयत्न करून राहिली. सरळ चालणार कुठून? दोरीचे एवढे कारागीर तुम्ही, त्या पॅडलले एक लाकडाचा तुकडा नाही बांधता आला? पण माग घरात होता आणि सायकल रस्त्यावर. पॅडलचं लाकूड साऱ्या गल्लीले दिसलं असतं.

अजून एक. मले पाहायले लोक आले तेव्हा तुम्ही मले आधीच चटईवर बसवून ठेवलं होतं. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "पोरीले जरा चालून दाखवू द्या." तुम्ही ताडकन बोलले, "माझी लेक बाजारातली गाय नाही." बाबा, त्या एका वाक्यावर मी जन्म काढला. सासरी कोणी टोचून बोललं की मनात म्हणायची, बोला, माझा बाप माझ्यासाठी भर बैठकीत भांडला. आता सांगा, ते माझ्यासाठी होतं की बोटभर पायासाठी? दोन्हीसाठी असंन, असं पोरगी म्हणते. तिले काय जातं म्हणायले. लग्न तर झालं, पण मग तरी सांगायचं होतं! मी सारी उमर समजत आली, मलेच धड चालता येत नाही.

दुकानवाल्यानं सीट खाली घेतली, हँडल वर केलं आणि डाव्या पॅडलवर रबराचा जाड ठोकळा कसून दिला. पहिल्यांदा पॅडल मारलं तेव्हा दोन्ही पाय सारखे पोचले आणि मी त्या अनोळखी माणसासमोर रडली. कंबर आता बरीच बरी आहे. घरं सुटली नाहीत.

तुम्ही तर कधीचे गेले, हे पत्र कुठं टाकायचं, ते मले कोण सांगणार. चुलीत घालीन नाहीतर ठेवून देईन. पण एक लिहायचं राहिलं. येत्या रविवारी तुमच्या नातीले पाहायले लोक येऊन राहिले. काल मी त्या ठोकळ्यावर काळं फडकं गुंडाळून शिवून टाकलं आणि सायकल मागच्या दाराशी नेऊन ठेवली. पोरीनं विचारलं, "आई, हे फडकं काहून?" मी म्हणाली, "चप्पल घसरते."

चप्पल घसरत नाही, बाबा.