खटका दाबून लावलेलं दार

१२ मार्च, गुरुवार. सकाळ.
लेक रविवारी परगावी निघाली आहे. पहिली नोकरी, नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात. ऐनवेळी धावपळ नको म्हणून स्टेशनवर न्यायचं सामान आजच गाडीत भरलं. कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. पूर्वतयारी रक्तातच आहे. कपड्यांची बॅग, कुकर, टेबललॅम्प, सर्टिफिकेटांची फाइल. गादी दोन्ही हातांनी उचलावी लागली, म्हणून किल्ली ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली. गादी कोंबली, मागची दारं लॉक केली, आणि सवयीने पुढचंही खटका दाबून लावलं.
किल्ली आत.
काचेतून स्पष्ट दिसते. म्हणजे हरवलेली नाही. हा फरक लोकांना कळत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
हिने विचारलं, दुसरी किल्ली कुठाय? म्हटलं, अगदी सुरक्षित जागी. खोटं नाही. गाडीच्याच कप्प्यात आहे, कागदपत्रांच्या पाकिटात. हरवू नये म्हणून मीच ठेवली होती.  ही भाजी चिरायला गेली. विळीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.
लेकीला इतक्यात सांगायचं नाही असं ठरवलं. उगाच काळजी करेल. जेवताना तिनेच विचारलं, बाबा, उघडली का?
उद्या सकाळी उघडतो.

१३ मार्च, शुक्रवार. दुपार.
रजा टाकली. कारण कळवलं, 'कौटुंबिक'. आज कारखान्यात माझंच भाषण होतं, 'दोन क्षण थांबा, मग हात घाला'. दुसऱ्या कुणीतरी दिलं असेल. नाहीतरी ऐकतं कोण?
व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस गप्पा मारता मारता तारेने दार उघडतो. माझ्या सुटाचा हँगर सरळ करायला घेतला. सरळ करण्यातच सकाळ गेली. काचेच्या कडेच्या रबरातून तार आत सारली. खटक्यापर्यंत बरोब्बर जाते आणि ऐनवेळी तोंड फिरवते, माझ्या सासुरवाडीसारखी. रबर थोडं निघालं. थोडं म्हणजे त्या बाजूचं सगळं.
व्हिडिओतली गाडी हलक्या दर्जाची असणार. आपली मजबूत आहे.

संध्याकाळ.
मेहुण्याचा फोन. याला कुणी सांगितलं ते विचारण्यात अर्थ नाही. म्हणाला, दाजी, मेकॅनिकला बोलवा, मोकळे व्हा. मी म्हटलं, आपली गाडी किल्लीशिवाय कशी उघडते हे एकदा परक्या माणसाला कळलं की संपलं. तो म्हणाला, दाजी, त्याला ते आधीपासूनच माहीत असतं. या माणसाशी वाद घालू नये.
कंबर धरली आहे. गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलोय.

१४ मार्च, शनिवार.
सकाळी नव्या जोमाने सुरुवात. जोम चहापर्यंत टिकला.
तार तुटली. अर्धी माझ्या हातात, अर्धी दाराच्या पोटात. ती काढायला पट्टी घातली, हिच्या शिवणाची, लोखंडी. आत काहीतरी खट्ट वाजलं. उघडल्याचा आवाज वाटला, पण दुसऱ्याच कशाचा तरी होता. पट्टीही आत गेली.
लेक चहा घेऊन खाली आली. शेजारच्या कठड्यावर बसली. म्हणाली, बाबा, राहू दे ना आता. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत होतंय, तू निर्धास्त राहा. तिने मान हलवली. मग म्हणाली, फाइल तेवढी हवी रे, पहिल्याच दिवशी दाखवायची आहे. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.
बराच वेळ बसली होती. काहीतरी बोलायचं असावं तिला. माझं डोकं दारात होतं.
संध्याकाळी हिने मला न विचारता मेकॅनिकला फोन केला. उद्या सकाळी येतो म्हणाला. मी विरोध केला नाही. दमलो होतो म्हणून. पटलं असं नाही.

१५ मार्च, रविवार. दुपार.
मेकॅनिक आला. दाराकडे बघून म्हणाला, याच्यात आधी कुणी हात घातला? मी म्हटलं, घातला असेल कुणीतरी. ही आकाशाकडे बघत होती. म्हणाला, गुरुवारी बोलावलं असतं तर लगेच उघडलं असतं. आता आतला दांडाच निसटलाय, काच फोडावी लागेल. मागची छोटी फोडली. लेकीने बाही खाली ओढून हात आत घातला आणि खटका उचलला. तिन्ही दिवसांचं काम, इतक्या सहज. तिच्या हाताच्या वाटेतल्या काचा मी आधी साफ केल्या होत्या, हे नमूद करतो.
चला, म्हटलं, उशीर होईल, बसा गाडीत. तर फाटकाशी टॅक्सी उभी. विचारलं, ही कधी सांगितली? लेक म्हणाली, मागच्या आठवड्यातच. मग मला सामान का भरू दिलं? म्हणाली, तुला भरायचं होतं ना, बाबा.
गादी झटकून टॅक्सीच्या टपावर बांधली. मी निघालो होतो बरोबर. पण फुटक्या काचेची गाडी रस्त्यावर सोडून कसं जाणार? कुणीतरी थांबायला हवं होतं. ही गेली स्टेशनवर. लेक वाकून नमस्कार करायला लागली, मी म्हटलं, अगं पायाशी काचा आहेत, तिथे नको. मग तशीच गेली.
काचा झाडल्या. किल्ली घेतली, आत बसलो. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. कुठे जायचं नव्हतं. बंद केली.

संध्याकाळ.
ही आली. काय म्हणाली गं, असं सहज विचारलं. म्हणाली, बाबाला म्हणावं हात नीट धू.
धुतले. डाव्या अंगठ्यात काच घुसलेली दिसली. बारीक आहे. घरात कुणाला काही टोचलं की लेकच काढायची, बोलता बोलता, कळायचंही नाही.
ही म्हणाली, आणा इकडे. म्हटलं, नको, एवढं जमतं मला.
सुई घेऊन खिडकीपाशी बसलो आहे. मघाशी टोक दिसत होतं. आता जरा आत गेलं आहे.