मला मॅनेजर कुणी केलं?

तीर्थरूप दादास,
नमस्कार करतोय, पण दात-ओठ खाऊन.

परीक्षा पास झालो, नर्सचं लायसन्स मिळालं, पोटभर जेवतो. आईला एवढंच वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

तू माझ्यासाठी जमवलेल्या स्थळाचा, म्हणजे मुलीच्या वडिलांचा, काल थेट वॉर्डात फोन आला. "मॅनेजरसाहेब आहेत का?" मी एका आजोबांचं अंग पुसून नुकताच उठलो होतो. म्हणालो, "मॅनेजर नाही हो, मी इथे नर्स आहे."

त्यावर ते म्हणाले, "नर्सला मुलगी दिली असती. खोटं बोलणाऱ्या घरात देणार नाही."

झालं समाधान?

फौजेत जवानांच्या जखमा बांधायचो, तेव्हा तू चारचौघांत छाती फुगवून सांगायचास. आज तेच हात तेच काम करतात. मग अंगावर वर्दी नाही म्हणून तुझं नाक कापलं जातं का?

आईचा गुडघा कसा आहे? शेकते ना रोज?

मुलीच्या घरी जा, माफी माग आणि तुझा भाऊ नर्स आहे हे स्वतःच्या तोंडाने सांग. ते जमेपर्यंत मला घरची खबर वहिनीलाच लिहू दे.

तुझा धाकटा