माझ्या नावाचं ठिगळ

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटं. ही वेळ नीट लक्षात ठेव, यशोधन, कारण या मिनिटाला तू बंगळूरला खुर्चीत बसून तुझ्या सख्ख्या आत्याच्या नावानं साऱ्या जगाला एक खोटी गोष्ट कळवलीस.

गंगापूर रोड, नाशिक
गुरुवार, २० नोव्हेंबर

चि. यशोधन यास आशीर्वाद. (एरवी ‘अनेक’ लिहिते. या खेपेला किती, ते तुझ्या उत्तरावर ठरेल.) तुझी प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करते, कारण आजारी माणसावर चिडायला मला संकोच वाटतो. तुझ्या बायकोचा, सईचा, खोकला गेला का? तिला म्हणावं, या पत्राचा राग तिच्यावर नाही; तिनं लग्न केलं तेव्हा तिला तरी कुठे ठाऊक होतं. इकडे थंडी चांगली पडली आहे. तुझ्या उपेंद्रकाकांचा गुडघा कुरकुरतो आहे आणि त्याबद्दल काकाही कुरकुरत आहेत. मी धडधाकट आहे. पत्र हातानं लिहिते आहे, काका त्याचे फोटो काढून तुला धाडतील. टाइप केलेल्या मजकुराखाली माझं नाव तुला हवं तेव्हा चिकटवता येतं, हे आता सिद्धच झालं आहे.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे ‘आत्या, तुझा काहीतरी गैरसमज होतोय’ हे वाक्य तुला वापरता येणार नाही. भाऊबीजेला तुझे बाबा येऊ शकले नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं ओवाळून घ्यायला तू आलास. ओवाळणीत पाकीट घालायचं सोडून म्हणालास, “आत्या, तुझा लॅपटॉप नव्यासारखा करून देतो.” (तुझे बाबा चाळीस वर्षं पाकीट घालत आले. पाकिटानं कधी कुणाची अब्रू घेतली नाही.) लॅपटॉप जुना होता, पण वागायला सभ्य होता. आवाज तेवढा बारीक येई, तर आमच्या वयाला तेवढं चालतं. तू त्याच्यातली जुनी व्यवस्था उपसून लिनक्स घातलंस, आणि मग तुला शोध लागला की या लॅपटॉपमधली आवाजाची चिप जगात कुणाच्या ओळखीची नाही. तुझा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सईनं आतून काही गोड बातमी सांगितली. चकलीचा तुकडा हातात धरून तू मला समजावलंस की कर्नल म्हणजे संगणकाच्या आतला मुख्य अधिकारी, जो कधी दिसत नाही पण ज्याच्यावाचून काही हलत नाही; ड्रायव्हर म्हणजे त्याच्या हाताखालची माणसं, कुणाकडे आवाज, कुणाकडे वायफाय; आणि आवाजवाल्याला आपला लॅपटॉप ओळखू येत नाही, तेव्हा त्याला चार ओळी शिकवायच्या, तो पॅच. मी म्हटलं, म्हणजे ठिगळ. तू हसून म्हणालास, “अगं आत्या, इतकं सोपं नसतं ते!” ते आता मला कळलं आहे. तुला कधी कळेल, हा प्रश्न आहे.

बंगळूरला परतून तू ठिगळ तयार केलंस. त्या शुक्रवारी सकाळी ते लावायला तू फोनवरून सांगत गेलास आणि मी टाइप करत गेले. (मधे दूधवाला येऊन गेला, तेवढा वेळही तुला धीर नव्हता.) लॅपटॉप बंद करून सुरू केला. तू विचारलंस, सुरू झाला का? मी म्हटलं, झाला. आवाज येतोय का? मी बातम्या लावल्या. आवाज खणखणीत आला, आणि मी म्हटलं, येतोय. “गुड, ठेवतो,” म्हणालास, आणि ठेवलास. मला वाटलं, आता हा चहा पिऊन पुन्हा फोन करेल आणि मग आपण तपासायला बसू. मी पदर खोचून बसले होते. तुझ्या हिशेबी मात्र तपासणी आटोपली होती. तुमच्या त्या कर्नलवाल्यांत म्हणे रिवाज आहे, की जो माणूस ठिगळ आपल्या यंत्रावर लावून पारखतो त्याचं नाव खाली लिहायचं: टेस्टेड-बाय, अमुक अमुक. रिवाज उत्तम आहे. माणसानं जबाबदारी घ्यावी आणि ती नावानिशी घ्यावी. फक्त ज्याचं नाव, त्याला विचारायचा रिवाज तुमच्यात दिसत नाही.

तुझी आत्या निवृत्तीपर्यंत वजनमापे निरीक्षक होती, हे तुला आठवतं ना? काटा सुरू झाला, आकडे लुकलुकले, म्हणून मी कधी मोहर मारली नाही. रिकामा काटा शून्य दाखवतो का ते पाहायचं, मग निम्मं वजन, मग पूर्ण, मग तेच वजन काट्याच्या चौकोनी तबकाच्या चारही कोपऱ्यांवर सरकवून बघायचं, कारण मधोमध खरं बोलणारा काटा कोपऱ्यात खोटं बोलतो. येवल्याच्या बाजारात भर उन्हात कांद्याच्या गोण्यांवर बसून मी काटे तपासले आहेत. व्यापारी म्हणायचे, “बाई, चालू तर हाय ना काटा, मारा की शिक्का.” मी मारला नाही. त्या काळात मला कुणी प्रेमळ म्हटलं नाही, पण माझ्या मोहरेचा काटा चुकला असंही कुणी म्हणालं नाही. एवढी एकच गोष्ट मी नोकरीतून घरी आणली. ती तू एका चहाच्या आत खर्च करून टाकलीस.

आता त्याच दिवसाची संध्याकाळ. आमच्या निवृत्त निरीक्षकांच्या मंडळाची ऑनलाइन शोकसभा होती. बोरस्तेसाहेब गेले. (वय झालं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.) लॅपटॉपच्या माइकच्या कळीवर एक बारीक लाल दिवा आहे, तो तू पाहिलायस. दिवा लागला की माइक बंद आणि विझला की चालू, असं आजवर होतं. तुझ्या ठिगळानं त्याची नेमकी उलटापालट केली आणि ते सांगायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. मी दिवा लावला, निश्चिंत झाले. अध्यक्षांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. सगळे माना खाली घालून उभे राहिले, आणि मी शेजारी उभ्या असलेल्या उपेंद्रकाकांना म्हटलं, “यांच्यासाठी दोन मिनिटं गप्प बसायचं! हा माणूस जिवंतपणी दोन मिनिटं कधी गप्प बसला नाही.” एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण शांतता लांबत गेली, आणि मला साहेबांची एका दौऱ्यातली घोरण्याची गोष्ट आठवली, आणि मग दिंडोरीच्या मुक्कामी त्यांनी माझी छत्री ‘आत्ता आणून देतो’ म्हणून नेली ती. काकांना ऐकू कमी येतं म्हणून मी सगळं जरा मोठ्यानंच सांगत होते.

शांतता संपली. कुणीही मान वर करेना. शेवटी आमचे सचिव गोटीराम शेवाळे, देवमाणूस, हळूच म्हणाले, “मॅडम, तुमचा आवाज लय क्लिअर येतोय. आता बंद केला तरी चालंल.” मी घाईनं कळ दाबली, दिवा विझला, म्हणजे माझ्या समजुतीनं आता माइक चालू झाला, म्हणून मी माफी मागितली. ती कुणाला ऐकू गेली नाही. नुसते ओठ हलताना दिसले. पुढे अध्यक्षांनी समारोपात सांगितलं की श्यामलाताईंनी आपल्या भावना मोकळेपणानं मांडल्या. दुसऱ्या दिवशी बोरस्तेवहिनींचा फोन आला. मी पाय पोटाशी घेऊन फोन घेतला. त्यांनी विचारलं, छत्री काळी होती की निळी. माळ्यावर बऱ्याच आहेत, येऊन ओळखून न्या. यशोधन, त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मला रात्री झोप लागली असती.

मी तुला कळवलं. तू “ओह, पोलॅरिटी!” म्हणालास (सांत्वन म्हणून हा शब्द मी प्रथमच ऐकला) आणि रविवारी दुसरं ठिगळ पाठवलंस. त्यात दिवा सुधारला, पण घाईघाईत नवा कर्नल बांधताना तू वायफायचा ड्रायव्हर आत घालायचा विसरलास. वायफाय गेलं. त्यावरचं औषध तू तत्परतेनं ईमेलनं पाठवलंस, आणि ते उतरवून घ्यायला वायफाय लागत होतं. मी तुला हे सांगितल्यावर फोनवर जी शांतता पसरली, ती मात्र खरी दोन मिनिटांची होती. शेवटी तळमजल्यावरच्या शुभांगीच्या संगणकावरून पेनड्राइव्हमधे भरून आणलं. ती विचारत होती, भाचा काय करतो? मी म्हटलं, शिकतोय.

हे सगळं मी गिळलं असतं. पण काल, बुधवारी, तुझा उत्साहाचा निरोप आला की तिकडच्या मोठ्या साहेबांनी पॅच स्वीकारला, माझ्या नावासकट, आणि रविवारी तो मुख्य कर्नलमधे जाणार. सोबत लिंक. मी ती उघडली, आणि पहिल्या ठिगळाखाली, शुक्रवार, नऊ सतरा, माझं नाव, दुसऱ्याखालीही तेच. मी तपासलं, असं मी न बोलता म्हटलेलं. तू वर लिहिलंस की एकदा रविवारी आत गेलं की कुणालाच पुसता येत नाही, कायमचं राहतं. तू ते आनंदाची बातमी म्हणून लिहिलंस! माझ्या हयातीनंतरही, ज्या कुणाचा माइक बंद आहे असं वाटताना चालू राहील, तो शोध घेत घेत माझ्या नावाशी येऊन थांबेल, आणि मी उत्तर द्यायला नसेन. याहून मोठं दुःख मला सध्या सुचत नाही, आणि मी प्रयत्न करून पाहिला आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. रविवारच्या आत माझं नाव काढून टाक. त्यासाठी तुला त्या साहेबांना काय तोंडानं लिहायचं ते तू पाहा. मी शोकसभेत तोंड दाखवलं आहे, तुझं काम त्या मानानं हलकं आहे. बाकी सर्व क्षेम. सईला हळद घालून दूध दे.

तुझी,
(नाव वापरायची परवानगी न दिलेली) आत्या

ता. क. काल दिवसभर मी दुसरं ठिगळ माझ्या पद्धतीनं तपासलं. लॅपटॉपचं झाकण मिटेपर्यंत दिवा खरं बोलतो. झाकण मिटून उघडलं, की पुन्हा उलटा. चार्जर लावून, काढून, दोन्ही प्रकारे पाहिलं; काकांना आतल्या खोलीत फोनवर बसवलं होतं. दिवा म्हणे माइक बंद आहे, काका म्हणत, “येतंय गं ऐकू, ओरडू नकोस!” इतक्या वर्षांच्या संसारात प्रथमच मी काकांचं खरं मानलं. तुमच्यापैकी कुणाला झाकण मिटून पाहायचं सुचलं नाही का? लॅपटॉपला झाकण असतं ते कशासाठी, असं तुम्हा लोकांना वाटतं?

आणखी ता. क. काकांनी हे पत्र वाचलं आणि म्हणाले, “ते ग्रुपचं सांगितलं नाहीस.” तर ते असं. काल तुझी लिंक आल्या आल्या, खालचा मजकूर नीट वाचण्याआधी, मी ती आमच्या कॉन्व्हेंटच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकली. नुसती टाकली नाही, वर माझ्या नावाच्या अभिमानाच्या दोन ओळीही लिहिल्या. देवळालीच्या पर्सिसनं छापून कपाटाच्या दारावर लावली म्हणते. दोघी-तिघींनी नातवंडांना दाखवली. कुणी काय काय लिहिलं ते सांगत नाही, पण निवृत्तीच्या दिवशी इतकं कुणी लिहिलं नव्हतं. सगळ्यांच्या खाली आम्हाला शाळेत शिकवलेल्या सिस्टर ॲग्नेसचा निरोप आला. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे आणि त्या ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं आहे: “श्यामला, नीट तपासलंस ना, बाळ?” त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तेव्हा वरची मागणी रद्द समज. नाव काढू नकोस. ठिगळ मागे घे, झाकणाचं दुरुस्त कर, मला पाठव, आणि मी ‘झालं’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नकोस. रविवार हुकला तर हुकू दे. त्या साहेबांना सांग, नाशिकच्या बाईंनी मोहर मारली नाही. हे मान्य असल्याचं लेखी उत्तर मला शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी सहाच्या आत हवं. वर केलेला अंगठा लेखी उत्तर म्हणून धरला जाणार नाही. सिस्टर सातला झोपतात.